घर बंद आढळले

नोकरी गेलेल्या माणसांबरोबर चार महिने बसलं की किस्से आपोआप साठतात. नोकरीत असलेल्या माणसाकडे एकच किस्सा असतो, साहेबाचा. तोच तो दर लग्नात सांगतो. नोकरी गेली की रोज नवी खिडकी, नवा फॉर्म, नवा साहेब. माझ्या वहीत उजव्या पानावर केसच्या नोंदी आणि डाव्या पानावर किस्से, अशी सोय मी केली होती. डावी पानं आधी संपली.

मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये सामाजिक धोरण शिकले. तिथल्या एका केंद्रात नोकरी गेलेल्या लोकांचे भत्त्याचे अर्ज भरून द्यायचं काम केलं आणि ठरवून टाकलं की हेच आपल्या अमरावतीत करायचं. परतीच्या विमानात सगळं चित्र रंगवून झालं होतं. खचलेली माणसं येतील, मी त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगेन, ती ताठ उभी राहतील आणि मग मोर्चा निघेल. एका परदेशी संस्थेची फेलोशिप मिळाली. आत्याचं शिवणकामाचं दुकान बंद पडलं होतं, तो गाळा मिळाला. 'बेरोजगार हक्क मदत केंद्र' असा बोर्ड लावला.

पहिल्या दिवशी पहिला माणूस आला तो बायकोचा ब्लाउज मागायला. आत्याकडे दोन वर्षांपूर्वी शिवायला टाकला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ आले. त्यांनी बोर्ड पूर्ण वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आत येऊन माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "म्हंजे ताई, तुमालेई नौकरी नाई भेटली का?"

*

गजाननभाऊ एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत एकोणीस वर्षं फिटर होते. मूळचे नांदगाव खंडेश्वरचे. बायकोनं, सुनंदावहिनींनी, हट्ट धरला म्हणून शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये दोन खोल्यांचं घर बांधलं. घराच्या कर्जाचे आठ वर्षांचे हप्ते बाकी होते तेव्हा गिरणी बंद झाली. "हप्ता थकला की घर जाते," एवढी एकच गोष्ट त्यांनी मला न हसता सांगितली. बाकी सगळं हसत सांगितलं.

त्यांच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जायचे. अशा कामगाराची नोकरी गेली तर काही महिने निम्म्या पगाराच्या आसपास भत्ता मिळतो, अशी सरकारी योजना आहे. अट अशी, की नोकरी गेलेली असावी, सोडलेली नसावी. मला वाटलं, ही तर अगदी सोपी केस.

पण गिरणीनं बंद होताना निरोप समारंभ केला होता. मांडव, माईक, प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ. स्टेजवर एकेकाला बोलवायचं, शाल पांघरायची, हातात नारळ द्यायचा आणि बाजूच्या टेबलावर सही घ्यायची. सत्कार स्वीकारल्याची सही, असं सगळ्यांना वाटलं. तो राजीनामा होता.

"भाऊ, सही करण्याआधी वाचलं नाही?" मी विचारलं.

"ताई, एका हातात नारय, दुसऱ्या हातात पेन. तिसरा हात असता त चश्मा काढला असता."

*

कंपनीची नोंदणी अकोल्याची, त्यामुळे सगळ्यांचे कागद अकोल्याच्या कार्यालयात. आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडून गेलो. अकोल्यात उतरल्यावर उन्हानं एकदम मान पकडली.

मी घरून नऊ पानांचा अर्ज लिहून नेला होता. कल्याणकारी राज्याची संकल्पना, श्रमाची प्रतिष्ठा, तळटीपा, सगळं त्यात होतं. खिडकीमागच्या साहेबांनी तो अर्ज शांतपणे, एकही ओळ न गाळता वाचला. कूलरच्या वाऱ्यानं पानं उडत होती ती हातानं धरून वाचला. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटचं पान उलटून ते म्हणाले, "शेवट फार छान केला, मॅडम. विमा नंबर कुठं लिहिला?"

तो लिहिला नव्हता.

मग त्यांनी फाइलीतून एक फोटो काढला. कंपनीनं राजीनाम्याला जोडून पाठवलेला. गजाननभाऊ शाल पांघरून, नारळ छातीशी धरून, सगळे दात दाखवत उभे.

"हे पाहा. नोकरी गेलेला माणूस असा हसतो का?"

"फोटोवाला म्हणे हासा, म्हून हासलो," गजाननभाऊ म्हणाले. "रडा म्हटलं असतं त रडलो असतो. एकोणीस वर्स गिरणीत जे सांगतलं तेच केलं न साहेब आमी."

*

त्याच खिडकीवर रफिकभाईंचा किस्सा झाला. रफिकभाई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होते. बोलणं निम्मं उर्दू, निम्मं वऱ्हाडी, आणि दोन्हींत न घाबरणारं.

साहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही सध्या कुठंही कामाला नाही, याचा पुरावा आणा."

"काम असल्याचा पुरावा असते साहेब. नसल्याचा कसा आणू?"

"तो तुमचा प्रश्न."

रफिकभाई गेले. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून पुन्हा आले, खिडकीसमोरच्या बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी बसले. चौथ्या दिवशीही बसले. साहेब जेवायला गेले की पंख्याखाली झोपायचे, साहेब आले की उठून सलाम करायचे. शिपायाला चहा आणून द्यायचे. पाचव्या दिवशी साहेबांनीच विचारलं, "तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?"

रफिकभाईंनी खिशातून कागद आणि पेन काढून खिडकीतून आत सरकवलं.

"बस, येवढंच लेखी द्या, साहेब."

*

मी म्हटलं, भत्ता यायचा तेव्हा येईल, तोवर घरखर्चाचं नियोजन तरी शिकवू. एका रविवारी केंद्रात 'आर्थिक नियोजन शिबिर' ठेवलं. रविवार म्हणून घरच्या बायकाही आल्या. मी प्रत्येकाला एक तक्ता दिला. खर्चाचे रकाने केले होते आणि शेवटी एक रकाना 'टाळता येण्यासारखे' असा.

तो शेवटचा रकाना सगळ्यांचा कोरा. आणि 'भेटवस्तू' या रकान्यात, जिथं मला दोन-चारशे रुपये अपेक्षित होते, तिथं किराण्याच्या बरोबरीचा आकडा. लग्नसराई होती. अहेर.

"अहेर काही महिने बंद ठेवता येईल," मी उत्साहानं फळ्यावर लिहिलं.

पॅकिंग खात्यातल्या नंदाताई, ज्या चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं यायच्या आणि माझ्या केंद्रातला प्रत्येक कागद माझ्याआधी वाचून काढायच्या, त्या म्हणाल्या, "ताई, किराणा बंद केला त घरात समजते. अहेर बंद केला त गावात समजते."

"काय समजतं?"

"नौकरी गेली म्हून."

तेव्हा मला कळलं की यांच्यातल्या निम्म्या लोकांनी नोकरी गेल्याचं शेजारीपाजारी सांगितलंच नव्हतं. सुनंदावहिनींनी समजावून सांगितलं. त्यांच्या समोरच्या घरात इंगळेसाहेब राहतात. कुठल्याशा खासगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. रोज सकाळी साडेआठला टाय लावून, डबा घेऊन मोटरसायकलवर निघतात. गेल्या लग्नात त्यांनी मिक्सर दिला.

"मंग आमाले इस्तरी तं द्याच लागते न," वहिनी म्हणाल्या. "स्टीलचा डब्बा दिला असता तं त्याइच्या लक्षात आलं असतं."

मी फळ्यावरचं अहेर पुसलं.

*

फेलोशिपवाल्या संस्थेला मला दर आठवड्याला अहवाल पाठवावा लागे. त्यात 'दैनंदिन उपस्थिती' असा एक आलेख होता आणि माझा आलेख सारखा वर जात होता. सकाळी सातपासून माणसं यायची, दुपारी तीनला ती उठायची, तेव्हा दुसरी यायची. मी अहवालात लिहिलं, 'कामगारांमध्ये सामूहिक जाणीव वाढीस लागत असल्याचे दिसते.'

एका बुधवारी मी सहज सांगितलं, "उद्या केंद्र बंद राहील. मला काम आहे."

गजाननभाऊ दचकले. "गुरवारी? ताई, आमची सुटी सोमवारी असते."

"सुट्टी कसली?"

त्यांनी रफिकभाईंकडे पाहिलं. रफिकभाईंनी छताकडे पाहिलं. मग हळूहळू बाहेर आलं. गजाननभाऊ रोज सकाळी साडेसहाला गिरणीचा शर्ट घालून, डबा घेऊन घरून निघतात, माझ्या केंद्रात बसतात आणि तीनला फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी जातात. रफिकभाईंची या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. सोमवारच्या सुट्टीनंतर दोघं बदलणार होते, गिरणीत बदलायचे तसे.

"मले एकच त्रास आहे," रफिकभाई म्हणाले. "सेकंड शिफ्ट अकराले सुटते आन तुमी सातलेच शटर पाडता. चार तास स्टेशनावर काढा लागते. थोडं लेट बंद केलं तर ओव्हरटाइम वाचीन माझा."

सामूहिक जाणीव ती ही. गुरुवारी केंद्र उघडं ठेवलं. तेव्हापासून माझी साप्ताहिक सुट्टीही सोमवारी.

*

त्याच महिन्यात माझं पत्र आलं. संस्थेचं, ईमेलनं, अतिशय सुंदर इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात माझ्या प्रेरणादायी प्रवासाबद्दल अभिनंदन. दुसऱ्यात माझ्यासारख्या तरुणांमुळेच जग बदलतं. तिसऱ्यात, चौथ्यात अभिमान. पाचव्यात, निधीचा प्राधान्यक्रम बदलल्यामुळे फेलोशिप या महिन्यापासून थांबवण्यात येत आहे. खाली एक दुवा होता, त्यावर जाऊन 'मी सहमत आहे' म्हणायचं होतं. मी म्हटलं. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की आपण काय केलं.

गाळ्यात त्या वेळी गजाननभाऊ एकटेच होते. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, मराठीत करून.

त्यांनी विचार केला. "शाल पाठोली का?"

"नाही."

"नारय?"

"नाही."

"मंग आमची कंपनी बरी."

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. "डबा कोन देते तुमाले?"

"आई."

"तिले सांगतलं?"

मी पिशवी खुर्चीखाली सरकवली. आईनं माझ्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज, तिचं मैत्रिणींमध्ये 'आमची मुलगी तिकडच्या संस्थेत आहे' असं सांगणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. गजाननभाऊंनी आपला डबा उघडून टेबलाच्या मध्यभागी सरकवला. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी.

"घ्या. आता आपली एकच शिफ्ट."

*

हप्ते मात्र कोणाची शिफ्ट पाहत नाहीत. तीन थकले. बँकेनं वसुलीचं काम एका एजन्सीला दिलं होतं आणि एजन्सीचे गावंडे नावाचे गृहस्थ गजाननभाऊंच्या घरी पोचले. पन्नाशीचे, मोठ्या मिशांचे, आवाज असा की तीन घरं ऐकतील. कामासाठी तो आवाज फार उपयोगी असं ते स्वतःच सांगतात.

घरी सुनंदावहिनी एकट्या. त्यांनी पाणी दिलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "गाव कोनतं जी?"

"मी अकोटकडचा. सासुरवाडी हिवरखेड."

"कोनाच्या घरची पोरगी केली?"

गावंडेंनी सासऱ्याचं नाव सांगितलं. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला. हिवरखेड त्यांचं माहेर. गावंडेंची बायको आणि त्या एका शाळेत होत्या. म्हणजे गावंडे गावचे जावई आणि वहिनी नात्यानं मेहुणी. पहिल्यांदा दारात आलेल्या जावयाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? वहिनींनी त्यांना पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, हिरव्या पट्ट्यांचा टॉवेल आणि टोपी दिली आणि पातोडीचा रस्सा करून जेवू घातलं.

जेवण झाल्यावर गावंडेंच्या लक्षात आलं की आपण वसुलीला आलो होतो. खिशातला फॉर्म काढला. 'कर्जदाराने पैसे देण्यास नकार दिला' या रकान्यावर त्यांचा पेन अडला. बायकोच्या माहेरच्या माणसांबद्दल असं लिहायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, एवढी हिंमत त्या मिशांत नव्हती. म्हणून त्यांनी त्यांना सुचलेलं सगळ्यात सभ्य वाक्य लिहिलं. 'घर बंद आढळले.'

दुसऱ्यांदा आले तेव्हा बायकोला घेऊन आले. दोघी मैत्रिणी वीस वर्षांनी भेटल्या. 'घर बंद आढळले.'

तिसऱ्यांदा शेतातल्या तुरीची पायलीभर डाळ घेऊन आले. 'घर बंद आढळले.'

बँकेच्या कंप्युटरनं तीन नोंदी एकत्र केल्या आणि निष्कर्ष काढला की कर्जदार घर सोडून पळाला. पुढच्या आठवड्यात नोटीस आली. घर रिकामे असल्याने ताब्यात घेण्याची कारवाई का करू नये?

वहिनींनी नोटीस वाचून घडी घालून ठेवली. मग म्हणाल्या, "एखांद्या वेळी जरा कमी जेवाले वाढलं असतं तं बरं झालं असतं."

*

आम्ही बँकेत धावलो. मॅनेजरबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "हप्ते लांबवून देता येतील, पण दोन गोष्टी लागतील. एक, काहीतरी पैसे येणार असल्याचा कागद. भत्ता मंजूर झाल्याचं पत्र चालेल. दुसरं, आमचा माणूस प्रत्यक्ष येऊन पाहील की तुम्ही त्या घरात राहता. कर्जदार स्वतः हजर पाहिजे, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या."

दुसऱ्या गोष्टीचं नंतर पाहू म्हटलं. पहिली राजीनाम्यापाशी अडली होती. गिरणी बंद झाली आणि नोकरी गेली, हे दाखवणारा कागद कंपनीनं कुणाला दिलाच नव्हता.

नंदाताई तो सत्काराचा फोटो निरखत होत्या. "याच्या मांगं फ्लेक्स होता न. यायनं फोटो कापला."

"फ्लेक्सवर काय लिहिलं होतं?"

"आता कसं सांगू? उद्या वाचून येतो."

"म्हणजे? कुठं आहे तो?"

"माह्या बकरीच्या गोठ्यावर. येवढा चांगला फ्लेक्स कोनी फेकून देते का?"

दुसऱ्या दिवशी नंदाताई बारा फुटांची गुंडाळी घेऊन गाडीतून उतरल्या आणि आम्ही चौघं ती खांद्यावर घेऊन अकोल्याला गेलो. डब्यात आमच्याभोवती आपोआप जागा झाली. बकरी त्यात अजून होती, फक्त वासानं. कार्यालयाच्या व्हरांड्यात रफिकभाई आणि गजाननभाऊंनी दोन टोकं धरली. साहेब खिडकी सोडून बाहेर आले. एका कोपऱ्याला बकरीनं प्रमुख पाहुण्यांचं नाव खाल्लं होतं. बाकी मजकूर शाबूत होता. साहेबांनी मोठ्यानं वाचला.

'युनिट कायमस्वरूपी बंद होत असल्याबद्दल सर्व कामगार बंधू-भगिनींचे हार्दिक अभिनंदन.' खाली कंपनीचं नाव, कंपनीचं चिन्ह आणि तारीख.

साहेब म्हणाले, "बंद होत असल्याबद्दल अभिनंदन?"

"फ्लेक्सवाल्याकडं खालची लाइन तयारच असते साहेब," नंदाताई म्हणाल्या. "वरचं बदलते, खालचं तसंच राह्यते. बारसं असो की बंद असो."

साहेबांनी फ्लेक्सभोवती एक फेरी मारली. राजीनाम्यांवरची तारीख पाहिली, फ्लेक्सवरची तारीख पाहिली. एकाच दिवशी शंभरेक माणसांना एकदम खुशीनं राजीनामा द्यावासा वाटला, त्याच दिवशी त्याच मांडवात युनिट बंद झालं.

"हं," ते म्हणाले. "मूळ प्रत आवक करावी लागेल. आणि दोन झेरॉक्स, स्वतःच्या सहीच्या."

बारा फुटांच्या फ्लेक्सच्या दोन झेरॉक्स. समोरच्या दुकानदारानं तुकड्यातुकड्यांनी काढल्या, आम्ही पायऱ्यांवर बसून डिंकानं चिकटवल्या. आवकचा शिक्का प्लास्टिकवर बसेना, म्हणून साहेबांनी स्वतःचा कूलर फ्लेक्सकडे वळवला आणि शिक्का वाळेपर्यंत सगळं कार्यालय घामानं भिजत बसलं.

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. माझ्या नऊ पानी अर्जाचा त्यात उल्लेख नव्हता. 'सादर केलेला फलक विचारात घेऊन' असं लिहिलं होतं.

*

राहिली दुसरी गोष्ट. बँकेचा माणूस मंगळवारी सकाळी अकराला येणार होता. मंगळवारी गजाननभाऊंची फर्स्ट शिफ्ट. सकाळी अकराला ते लेआउटमध्ये दिसले की संपलं. वर दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

"वहिनींना उभं करून पाहू का?" मी विचारलं.

"कर्जदार म्हंजे मी," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तीन वाजायच्या आधीच डबा बंद केला आणि केंद्रातून घरी गेले.

मंगळवारी सकाळी मी सातलाच त्यांच्या घरी पोचले. गजाननभाऊ फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. बनियन आणि लुंगी. हातात चहाचा कप. गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे हलत होते. वहिनी दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

साडेआठला समोरचे इंगळेसाहेब बाहेर आले. टाय, पिशवीत डबा. मोटरसायकल सुरू केली आणि त्यांना गजाननभाऊ दिसले.

"सुटी का, गजाननभाऊ?"

"नाई," गजाननभाऊ म्हणाले. "नौकरी गेली. सहा महिने झाले."

एवढं ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की वहिनींनी डोळे मिटून घेतले. इंगळेसाहेबांची मोटरसायकल जागच्या जागी सुरू राहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी ती बंद केली, स्टँडवर लावली आणि आत निघून गेले.

अकराला बँकेच्या एक मॅडम आल्या. रस्ता दाखवायला बरोबर गावंडे. डोक्याला उन्हासाठी हिरव्या पट्ट्यांचा टॉवेल गुंडाळलेला. वहिनींनी त्यांना ओळख दाखवली नाही, त्यांनी वहिनींना दाखवली नाही.

"तुम्ही तीन वेळा आला होता ना?" मॅडमनी विचारलं. "घर बंद होतं?"

"हाव मॅडम. एकदम बंद," गावंडे तुळशीकडे पाहत म्हणाले.

मॅडमनी दोन्ही खोल्या पाहिल्या, चूल पाहिली, गजाननभाऊंचं ओळखपत्र पाहिलं. "आता दोन शेजाऱ्यांच्या सह्या."

वहिनींचा चेहरा उतरला. एका बाजूच्या घरातून आवाज आला, "हे ड्यूटीवर गेले." दुसऱ्या बाजूच्या घरातूनही तेच. गजाननभाऊ खुर्चीवरून उठले नाहीत. कुणाला हाकही मारली नाही.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. इंगळेसाहेब बाहेर आले. टाय तसाच होता. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. त्यांनी गल्ली ओलांडली, गजाननभाऊंच्या शेजारी खुर्ची मांडली, मॅडमच्या हातून कागद घेतला आणि सही केली.

"साहेब, आज ऑफिस नाही?" मॅडमनी विचारलं.

इंगळेसाहेबांनी टायची गाठ सैल केली आणि डबा उघडला.

"जेवता का, मॅडम?"

गजाननभाऊंनी आत हाक मारली, "अवं, दोन ताटं आन. आज दोघंई घरीच हावो."

मग बाजूच्या घरातून, जिथले गृहस्थ ड्यूटीवर गेले होते, आणखी एक खुर्ची बाहेर आली. दुसरी सही झाली.

मॅडमनी फॉर्म पुरा केला. 'शेजाऱ्यांचा व्यवसाय' हा रकाना त्यांनी कोरा सोडला. खाली लिहिलं, 'घर उघडे आढळले. कर्जदार हजर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आई स्वयंपाकघरात माझा डबा भरत होती. मी तिच्या हातातून झाकण काढून घेतलं.

"आई, आज डबा नको. अंगणात दोन खुर्च्या काढते, ये."